लेगो टेक्निकची एन्ड्युरन्स रेस कार: आधी टायर, शेवटी पंख

लोक मला त्यांची टेक्निकची (लेगोचा भोकांचे बीम, पिना आणि गिअर यांचा प्रकार) रेस कार दाखवतात तेव्हा ती बहुतेक वेळा एकाच जागी अडलेली असते. बाहेरून गाडी देखणी असते. रंग जुळलेले, पाठीवर उभा पंख, मागे विंग. पण पुढचं चाक वळवलं की टायर मडगार्डला घासतो, गाडी ढकलली की मागून कटकट ऐकू येते आणि दोन्ही हातांनी उचलली की मधोमध वाकते. यात हाताचा दोष नसतो, क्रम चुकलेला असतो. बॉडी आधी उभी राहते आणि उरलेल्या जागेत स्टिअरिंग, सस्पेन्शन, इंजिन कोंबलं जातं.

एन्ड्युरन्स कारमध्ये, म्हणजे तासन् तास चालणाऱ्या शर्यतीच्या गाडीत, ही चूक फार नडते. ही गाडी जमिनीलगत असते, चाकं झाकलेली असतात आणि कॉकपिट अरुंद असतं. जीपमध्ये एखादा स्टड (लेगोचं माप, दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर) इकडेतिकडे झाला तर खपून जातो, इथे तसं चालत नाही.

या लेखात मी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत धावणारी हायपरकार, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या वर्गातली गाडी, धरली आहे. मॉडेल मोटरशिवायचं, हाताने ढकलायचं: चालणारं स्टिअरिंग, सस्पेन्शन, ढकलल्यावर हलणारे पिस्टन आणि निघणारी बॉडी. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या आणि मधल्या तपासण्या वगळू नका.

१. बांधायला बसण्यापूर्वी

एकच खरी गाडी निवडा आणि तिचं एकच वर्ष धरा. एकाच गाडीची बॉडी दोन हंगामांत बदललेली असू शकते. नाक एका वर्षाचं आणि शेपूट दुसऱ्या वर्षाची लावली तर रेषा जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत हे आठवडाभर कळत नाही.

फोटो चार हवेत: बाजूने, समोरून, मागून आणि वरून. त्यात बाजूचा फोटो सर्वांत महत्त्वाचा. तो काटकोनात आणि लांबून काढलेला असावा. जवळून काढलेल्या फोटोत आपल्याकडचं मडगार्ड फुगतं आणि नाक निमुळतं दिसतं. फोटो सरळ आहे की नाही हे टायर सांगतात. या वर्गातल्या मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीचा पुढचा टायर २९/७१-१८ आणि मागचा ३४/७१-१८ असतो, म्हणजे रुंदी वेगळी पण व्यास दोन्हींचा ७१० मिलिमीटर. फोटोत पुढचा आणि मागचा टायर पट्टीने मोजा. उंची सारखी आली आणि दोन्ही गोल दिसले तरच तो फोटो वापरा.

आता सुटे भाग. सगळं वर्गीकरण करत बसू नका, इतकंच बाजूला काढा: चार सारखे टायर आणि रिम, चार हब (चाक ज्यावर बसतं तो भाग), एक डिफरन्शियल (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा भाग), चार एकसारखे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्टिअरिंगचा रॅक (दात असलेली सरकती पट्टी), युनिव्हर्सल जॉइंट (वाकलेला असतानाही फिरणारा सांधा) आणि ८, १२, १६, २०, २४ दातांचे गिअर.

पिना मात्र नक्की वेगळ्या करा. काळी छोटी आणि निळी लांब पिन घट्ट बसते, तिच्यावर बीम फिरवला की अडतो. करडी छोटी आणि फिकट तपकिरी लांब पिन मोकळी फिरते. सस्पेन्शनचे हात, स्टिअरिंगची टोकं, उघडणारं बॉनेट, म्हणजे जिथे जिथे हालचाल आहे तिथे मोकळीच पिन. मला दाखवायला आणलेल्या गाड्यांत स्टिअरिंग जड असण्याचं कारण मी सर्वांत आधी इथे शोधतो आणि बऱ्याचदा ते इथेच सापडतं.

*सावध:* बॉडीसाठी ठरवलेल्या रंगात पॅनेल आहेत का, हे आत्ताच बघा. पॅनेल डावं आणि उजवं वेगळं असतं. डावी चार आणि उजवी तीन असतील तर गाडी अर्धी झाल्यावर अडकाल.

२. टायरवरून प्रमाण काढा

"मला १:१० ची गाडी करायची आहे" असं ठरवून मग टायर शोधणं हा उलटा रस्ता आहे. टायर मोजक्याच मापांत मिळतात, बीम हव्या त्या लांबीचे जोडता येतात. म्हणून आधी टायर हातात घ्या.

टेक्निकचा ६८.७ मिलिमीटर व्यासाचा, ३४ रुंदीचा टायर या कामासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. खरा टायर ७१० मिलिमीटर, म्हणून

७१० ÷ ६८.७ = १०.३३

हे तुमचं प्रमाण. यापुढचं प्रत्येक माप या आकड्याने भागायचं आणि मग ८ ने भागून स्टडमध्ये आणायचं, कारण एका भोकाच्या मध्यापासून पुढच्या भोकाच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर असतात.

ल मान्स हायपरकारच्या नियमांत लांबी जास्तीत जास्त ५००० मिलिमीटर, रुंदी २००० आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर, ३१५० आहे. तुमच्या गाडीचे नेमके आकडे मिळाले तर तेच घ्या. उदाहरणासाठी कमाल मापं धरली तर लांबी ४८४ मिलिमीटर म्हणजे साधारण ६० स्टड, व्हीलबेस ३०५ मिलिमीटर म्हणजे ३८ स्टड आणि रुंदी १९४ मिलिमीटर म्हणजे २४ स्टड.

६२.४ मिलिमीटरचा टायर असेल तर प्रमाण ११.३८ येतं, व्हीलबेस ३५ स्टड आणि रुंदी २२. ८१.६ चा मोठा टायर मोहात पाडतो, पण मग गाडी ७२ स्टड लांब होते. तेवढा सांगाडा न वाकता उभा करणं हे पहिल्या मॉडेलचं काम नव्हे.

इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली मोजण्याची. व्हीलबेस ३८ स्टड म्हणजे ३८ भोकं नव्हेत, ३९ भोकं. पहिलं भोक पुढच्या आसाचं, एकोणचाळिसावं मागच्या आसाचं, मधली अंतरं अडतीस. मी स्वतः एका गाडीत भोकं मोजली होती. मागचं मडगार्ड बसवेपर्यंत ते लक्षात आलं नाही आणि कमान चाकापेक्षा बरोबर एक स्टड मागे गेली. त्या गाडीचा मागचा अर्धा भाग पूर्ण उतरवावा लागला.

दुसरी सम-विषमची. रुंदी २४ आली म्हणून २४ ठेवू नका. गाडीच्या मधोमध एक लांब फिरणारा दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल जाणार आहे, त्याला स्वतःचं एक भोक हवं. रुंदी सम ठेवली तर मध्यरेषा दोन भोकांच्या मधोमध पडते आणि गाडीभर अर्ध्या स्टडची भांडणं मिटवत बसावं लागतं. २३ किंवा २५ घ्या. मी २५ घेतो, कारण चाकं झाकायला जागा लागते.

आता बाजूचा फोटो छापा, असा की कागदावरचा टायर बरोबर ६८.७ मिलिमीटर भरेल. ए-फोर कागद आडवे धरून दोन जोडले की पूर्ण गाडी मावते. त्यावर ८ मिलिमीटरच्या चौकटी आखा. हा कागद शेवटपर्यंत टेबलावर राहणार आहे.

*तपासणी:* हातातला टायर कागदावरच्या टायरवर आडवा ठेवा. कडा सगळीकडून जुळली पाहिजे. त्याच वेळी दोन्ही आसांमधलं अंतर मोजा. ते तुमच्या आकड्यापेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त चुकत असेल तर फोटो तिरका आहे.

३. मागचा आस आणि डिफरन्शियल

बांधणीची सुरुवात इथून, कारण सगळ्यात जास्त जोर याच जागेवर येतो.

डिफरन्शियल ५ × ७ किंवा ५ × ११ च्या बंद चौकटीत बसवा. त्याच्या २८ दातांना १२ दातांचा बेव्हल (तिरप्या कडेचा) गिअर काटकोनात लावा आणि त्याचा अ‍ॅक्सल गाडीच्या मध्यरेषेवरून पुढे इंजिनकडे न्या. हा छोटा गिअर ज्या अ‍ॅक्सलवर आहे त्याला शक्य तितक्या जवळ दोन ठिकाणी आधार द्या. एकाच आधारावर लटकलेला अ‍ॅक्सल जोर आला की किंचित बाजूला सरतो, दात सुटतात आणि ती ओळखीची कटकट सुरू होते. गिअर तुटलेला नसतो, त्याचं घर सैल असतं.

सरळ दातांचे गिअर पुढे कुठे लागले तर मापाची एक सोपी खूण लक्षात ठेवा: दोन गिअरच्या दातांची बेरीज करून १६ ने भागली की मधलं अंतर स्टडमध्ये मिळतं. ८ आणि २४ म्हणजे २ स्टड, २४ आणि २४ म्हणजे ३, २४ आणि ४० म्हणजे ४. २० आणि २० म्हणजे अडीच, ही जोडी सरळ बीममध्ये बसत नाही.

मागे स्वतंत्र सस्पेन्शन करणार असाल तर युनिव्हर्सल जॉइंटचा वाकण्याचा बिंदू आणि सस्पेन्शनच्या हातांचा आतला बिजागर एकाच उभ्या रेषेत आणा. हे दोन बिंदू एक स्टडाने जरी मागेपुढे असले तरी चाक वरखाली होताना अ‍ॅक्सल कमी-जास्त ओढला जातो आणि दहा-वीस वेळा दाबल्यावर निसटतो.

बुश, म्हणजे दांडा सरकू नये म्हणून त्यावर चढवायची कडी, दाबून बसवू नका. बुश आणि बीममध्ये एक कागद सरकेल इतकी फट ठेवा. अ‍ॅक्सल बोटांनी मागेपुढे अगदी किंचित हलला पाहिजे.

*तपासणी:* एक चाक हाताने धरून दुसरं फिरवा. डिफरन्शियल आणि मधला अ‍ॅक्सल आवाज न करता फिरले पाहिजेत. मग दोन्ही चाकं धरून मधला अ‍ॅक्सल बोटांनी जोर लावून पिळा. दात उडी मारत असतील तर पुढे जाऊ नका.

४. पुढचा आस: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

झाकलेल्या चाकांच्या गाडीत स्टिअरिंग हा मुळात जागेचा हिशेब आहे. टायरची त्रिज्या ३४ मिलिमीटर. चाक २० अंश वळलं की त्याची पुढची आणि मागची कड सुमारे ११.६ मिलिमीटर, म्हणजे जवळपास दीड स्टड बाजूला सरकते. १५ अंशांत ती ८.८ मिलिमीटर, एक स्टडाहून थोडी जास्त. ३० अंश वळवायचं म्हटलं तर १७ मिलिमीटर, दोन स्टडांहून अधिक. एवढी मोकळी जागा मडगार्डच्या आत ठेवली तर गाडी एन्ड्युरन्स कारसारखी दिसणारच नाही. म्हणून वळण १५ ते २० अंशांच्या आत ठेवा. गाडी टेबलावर मोठं वर्तुळ घेईल, आणि खऱ्या गाडीलाही शर्यतीत फार मोठं वळण लागत नाही.

हा कोन रॅकची हालचाल आणि स्टिअरिंगच्या हाताची लांबी मिळून ठरवतात. चाकाच्या उभ्या बिजागरापासून रॅकच्या जोडापर्यंतचा हात ३ स्टडांचा असेल आणि रॅक मध्यापासून १ स्टड सरकत असेल तर चाक साधारण साडेएकोणीस अंश वळतं. हाच हात २ स्टडांचा केला तर तेवढ्याच हालचालीत ३० अंश. बहुतेक जण छोटा हात लावतात कारण तो सहज मावतो, आणि मग टायर का घासतो म्हणून मडगार्ड कापत बसतात. ३ स्टडांचा हात लावा आणि रॅकच्या दोन्ही टोकांना थांबा द्या, म्हणजे तो १ स्टडापलीकडे जाणारच नाही.

रॅक फिरवायला ८ दातांचा गिअर घ्या. तो पूर्ण एक फेरी फिरला की रॅक २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण दोन-तृतीयांश फेरी लागते. हाताला ते बरोबर वाटतं. २० दातांचा गिअर लावला तर एवढ्याशा वळवण्याने चाक टोकाला जातं आणि सरळ कधी राहत नाही.

उभा बिजागर चाकाच्या जितका आत असेल तितकं बरं. तो टायरच्या मध्यापासून २ स्टड आतल्या बाजूला राहिला तर वळताना आख्खं चाक पाच-साडेपाच मिलिमीटर पुढेमागे सरकतं आणि कमान लंबगोल करावी लागते. रिममध्ये शिरणारा हब वापरा.

स्टिअरिंगचं चाक आणि सीट मध्यभागी ठेवू नका. या गाड्यांत चालक मध्यरेषेच्या एका बाजूला बसतो. मॉडेलमध्ये त्याचा फायदाच होतो: मध्यरेषा गाडीच्या कण्यासाठी मोकळी राहते.

*तपासणी:* जाड पुठ्ठ्याची मडगार्डची कमान कापा, कागदावरच्या चित्राच्या मापाची, आणि ती चाकाभोवती धरा. चाक दोन्ही टोकांना वळवा, मग दाबून वळवा. पुठ्ठ्याला टायर लागला नाही तरच पुढचा टप्पा. दहा मिनिटांचं हे काम नंतरचे दोन दिवस वाचवतं.

५. सस्पेन्शन

खऱ्या हायपरकारचं सस्पेन्शन डोळ्यांना क्वचितच हलताना दिसतं आणि गाडी जमिनीपासून अगदी थोडी वर असते. मॉडेलमध्येही चाकाची एकूण हालचाल १ स्टडाच्या आत ठेवा आणि पोटाखाली पूर्ण दाबल्यावरही थोडी फट उरू द्या. जास्त हालचाल दिली की चाकाच्या वर मोठी पोकळी ठेवावी लागते आणि गाडी रॅलीची वाटायला लागते.

वरचा आणि खालचा हात, दोन्ही शक्यतो एका लांबीचे आणि समांतर. स्टिअरिंगची काडीही त्यांच्याच लांबीची आणि त्यांना समांतर हवी. ती आखूड असेल तर गाडी दाबल्यावर पुढची चाकं आपोआप आत किंवा बाहेर वळतात.

स्प्रिंग चाकाच्या जवळ बसवली की सस्पेन्शन कडक होतं, आतल्या बिजागराकडे सरकवली की मऊ. पण हे ठरवायला गाडीचं वजन लागतं आणि बॉडी तर अजून झालेली नाही. यासाठी मी एक साधी युक्ती वापरतो: बॉडीसाठी काढून ठेवलेले सगळे पॅनेल आणि बीम एका पिशवीत भरून ती पिशवी सांगाड्यावर ठेवतो. वजन जवळपास खरं मिळतं. त्या वजनाने चाकाची हालचाल एक-तृतीयांशापर्यंत खर्च झाली तर स्प्रिंगची जागा बरोबर.

पहिलंच मॉडेल असेल तर मागे सस्पेन्शन न करता सरळ, घट्ट आस ठेवा असं मी सुचवेन. मागची गुंतागुंत निम्म्याने कमी होते आणि बाहेरून फरक दिसत नाही. पुढचं मात्र करा.

६. इंजिन

किती पिस्टन लावायचे ते गाडी ठरवते. फेरारी ४९९पी मध्ये ३ लिटरचं व्ही-६ आहे, टोयोटा जीआर०१० मध्ये ३.५ लिटरचं व्ही-६, पूजो ९एक्स८ मध्ये २.६ लिटरचं व्ही-६. पोर्शे ९६३ आणि कॅडिलॅकच्या गाडीत व्ही-८. सहाच्या जागी आठ सिलिंडर बसवले तर जाणकाराला पहिल्या नजरेत दिसतं, शिवाय सिलिंडरच्या आणखी एका जोडीची लांबी कॉकपिटमधून कापली जाते.

इंजिन चालकाच्या पाठीमागे आणि मागच्या आसाच्या पुढे. डिफरन्शियलकडून आलेला अ‍ॅक्सल थेट क्रँकला (पिस्टन वरखाली करणाऱ्या भागाला) जोडा. २८ आणि १२ दातांमुळे चाकाच्या एका फेरीत क्रँक २.३३ फेऱ्या मारतो. टायरचा परीघ २१६ मिलिमीटर आहे, म्हणजे गाडी एक मीटर ढकलली की क्रँकच्या जवळजवळ अकरा फेऱ्या होतात. पिस्टन छान नाचताना दिसतात. याहून वेग वाढवण्याच्या मोहात पडू नका. गिअर वाढवून तिप्पट-चौपट केलं की घसट इतकी वाढते की चाकं फिरायच्या ऐवजी घसरतात.

एक चूक जाणती माणसंही करतात. फेरारी, टोयोटा आणि पूजोच्या या गाड्या चारही चाकांनी ओढतात हे वाचून मॉडेलमध्ये इंजिनपासून पुढच्या आसापर्यंत लांब अ‍ॅक्सल टाकला जातो. खऱ्या गाडीत तसा दांडा नसतोच. इंजिन मागची चाकं फिरवतं आणि पुढच्या चाकांना वेगळी विजेची मोटर असते. पोर्शे, कॅडिलॅक यांच्या गाड्यांत तर पुढची चाकं ओढतच नाहीत. तेव्हा पुढची चाकं मोकळी सोडा. मॉडेल खऱ्याच्या जवळ जातं आणि कॉकपिटची जमीन रिकामी मिळते.

*तपासणी, आणि ही पुढे वारंवार करायची आहे:* एक मीटरभर लांब गुळगुळीत फळी घ्या. एका टोकाखाली पुस्तकं रचत जा आणि गाडी स्वतःहून कोणत्या उंचीला घरंगळते ते लिहून ठेवा. इंजिन जोडण्याआधी एकदा, जोडल्यावर एकदा. उंची थोडी वाढणार, ते ठीक. दुपटीहून जास्त वाढली तर कुठेतरी बुश दाबला गेला आहे किंवा अ‍ॅक्सल तिरका आहे. नंतर बॉडीचा प्रत्येक मोठा भाग चढवला की हीच चाचणी पुन्हा. आकडा अचानक उडाला तर शेवटी लावलेल्या भागातच दोष आहे, शोधायला गाडी उघडावी लागत नाही.

७. कणा जोडा आणि पीळ काढा

आता पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना जोडायचा, अंतर बरोबर ३८ स्टड.

नुसते दोन लांब बीम खालून टाकले की गाडी वाकणार. वाकणं थांबतं उंचीमुळे. खाली दोन बीम, त्यांच्यापासून तीन-चार स्टड वर आणखी दोन, आणि मध्ये उभे जोड. वरचे बीम दरवाजाच्या खालच्या कडेत आणि कॉकपिटच्या भिंतीत लपतात. लांब बीमचे सांधे एकासमोर एक येऊ देऊ नका. एका बाजूचा सांधा जिथे आहे तिथे दुसऱ्या बाजूला अखंड बीम हवा.

वाकणं गेलं तरी पीळ राहतो आणि तो जायला तिरका बीम लागतो. तिरक्यासाठी ६-८-१० हा त्रिकोण वापरा. अंतरं ६, ८, १० म्हणजे भोकं ७, ९ आणि ११, आणि या तिन्ही लांबीचे बीम मिळतात. ३-४-५ च्या त्रिकोणाला ४ आणि ६ भोकांचे बीम लागतील, म्हणून तिथे लांब बीमचं टोक बाहेर ठेवावं लागतं. कॉकपिटच्या मागच्या भिंतीशी, इंजिनच्या दोन्ही बाजूंना असा एकेक त्रिकोण टाका. सांगाडा सगळ्यात जास्त पिळतो तो तिथेच, कारण तिथे उंची एकदम कमी होते.

*तपासणी:* एका हाताने पुढचा आस, दुसऱ्या हाताने मागचा आस धरा आणि टॉवेल पिळावा तसं हलकेच पिळा. पिळताना कान लावून ऐका. जिथून करकर येते तो जोड कच्चा आहे.

८. बॉडी, पण चाकांपासून सुरुवात

नाकापासून सुरुवात करायची इच्छा सगळ्यांनाच होते. गाडीचा चेहरा तिथे असतो. पण नाक मडगार्डला जुळवता येतं, मडगार्ड नाकाला जुळवता येत नाही, कारण त्याची जागा चाकाने आधीच ठरवलेली आहे. म्हणून क्रम असा: चारही मडगार्ड, मग दोन्ही बाजूंच्या खालच्या पट्ट्या, मग कॉकपिट आणि टप, मग नाक, मग शेपूट, आणि अगदी शेवटी पंख व विंग.

मडगार्डच्या वर चाकाची हालचाल अधिक अर्धा स्टड इतकी फट. कमानीची गोलाई पॅनेलने येत नसेल तर वाकणारा अ‍ॅक्सल वापरा. त्याची दोन्ही टोकं घट्ट पकडा आणि मध्ये एका जागी आधार द्या, नाहीतर तो हळूहळू सरळ व्हायला बघतो आणि पॅनेलला ढकलतो.

डावी बाजू पूर्ण करून मग उजवी करू नका. डावीकडे एक पॅनेल लावलं की लगेच उजवीकडे त्याचं जोडीदार लावा. एका बाजूला जमलेला जोड दुसऱ्या बाजूला आतल्या स्टिअरिंगमुळे जमत नाही, असं होतं. ते लगेच कळलं तर दोन्हीकडे बदलता येतं.

प्रत्येक पॅनेल दोन ठिकाणी पकडा. एकाच पिनवर लटकलेलं पॅनेल फोटोत सरळ दिसतं आणि गाडी उचलली की फिरतं. नाक पुढच्या आसाच्या बरंच पुढे जातं, ते खालून धरलं तर झुकतं. त्याला वरून, मडगार्डच्या आतल्या बाजूने ताण द्या.

पाठीवरचा उभा पंख केवळ शोभेचा नाही. २०११ पासून नव्या प्रोटोटाइप (खास शर्यतीसाठीच बनवलेल्या) गाड्यांना तो बंधनकारक झाला, गाडी आडवी सरकली तर हवेत उचलली जाऊ नये म्हणून. मॉडेलमध्ये तो एका स्टडपेक्षा जाड झाला की गाडी जड दिसते. पातळ पॅनेल किंवा टाइल उभ्या लावून करा.

९. नाक आणि शेपूट एका ओढीत निघायला हवी

शर्यतीत ठोकर बसली की पिटमध्ये आख्खं नाक किंवा मागचं आख्खं झाकण काही क्षणांत बदललं जातं. एन्ड्युरन्स कारच्या मॉडेलमध्ये ही सोय नसेल तर मला ते अपुरं वाटतं. शिवाय पुढे दुरुस्तीला हात आत घालायचा हाच रस्ता आहे.

जुळवणी आणि पकड ही दोन कामं वेगळी ठेवा. पुढे निघालेले दोन अ‍ॅक्सल भाग जागेवर आणतील, आणि एक फिरणारी कडी किंवा एकच घट्ट पिन त्याला धरून ठेवेल. सगळ्या जागी घट्ट पिना लावल्या तर नाक ओढताना पुढचं सस्पेन्शन बरोबर येतं.

*तपासणी:* भाग वीस वेळा काढा आणि घाला. विसाव्या वेळीही फट तेवढीच दिसली पाहिजे.

१०. रंग आणि स्टिकर

आतला सांगाडा काळा किंवा गडद करडा ठेवा, फटींतून दिसला तरी खटकत नाही. गाडी पांढरी असेल तर निळ्या पिनांची टोकं बाहेर डोकावू देऊ नका. स्टिकर दोन पॅनेलवर मिळून चिकटवू नका, भाग काढताना फाटतो. गाडीचा क्रमांक दोन्ही बाजूंना आणि नाकावर, मापात.

११. उतरवा आणि पुन्हा बांधा

गाडी पूर्ण झाली की तिचे फोटो काढा आणि ती संगणकावर चढवा. ब्रिकलिंक स्टुडिओ या कामाला पुरेसा आहे. सुरुवातीपासून स्क्रीनवरच आखणी करणारेही आहेत. मी ते टाळतो, कारण स्क्रीनवर बीम वाकत नाही, पिन घासत नाही आणि बोटाला आत जागा आहे की नाही हे कळत नाही.

नंतर गाडी थेट मागच्या आसापर्यंत उतरवा आणि स्वतःच्याच नोंदींवरून पुन्हा बांधा. पहिल्यांदा बांधताना आपण नकळत काही पिना अशा वेळी घातलेल्या असतात की तेव्हा जागा उघडी होती. दुसऱ्यांदा तिथे बोट पोचत नाही. बहुधा ती जागा स्टिअरिंगच्या रॅकच्या वर, नाकाच्या मुळाशी असते. असं झालं तर तो जोड मागच्या टप्प्यात ओढा, नोंद बदला, आणि फळी पुन्हा मांडून गाडी कोणत्या उंचीला घरंगळते ते बघा.